चालकाची झोप

मालमोटार चालवायची तर काय काय शिकावे लागते, असा प्रश्न एखाद्या जुन्या उस्तादाला विचारून पाहा. घाट उतरताना गाडी गिअरवर कशी धरायची, माल कसा भरून घ्यायचा, ताडपत्रीची दोरी कशी ताणायची, टायरवर टिकाव मारून आवाजावरून हवा कशी ओळखायची, अशा चाळीस गोष्टी तो सांगेल. झोपायचे कसे, हे मात्र सांगणार नाही. झोप ही काय शिकण्याची गोष्ट आहे? अंग टाकले की ती येते, असा आपला समज. पण काही माणसांची झोपच नादुरुस्त असते. तिच्यावर इलाज करावा लागतो, आणि तो रोज रात्री करावा लागतो. अशा माणसाला मालमोटारीवर जायचे असेल तर त्याने काय करावे, याविषयी आज बोलावयाचे आहे.

मी वैद्य नव्हे, तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा या विषयात पडण्याचे मला कारण काय, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, आमच्या कॉलेजात येणारी पुष्कळशी मुले दोन-चार एकर कोरडवाहू जमिनीच्या घरांतली असतात. वर्ष-दोन वर्षे ती वर्गात दिसतात आणि मग एक दिवस कळते की, अमका लाइनवर गेला. लाइनवर म्हणजे लांबच्या गाडीवर. पूर्वी व्यावसायिक परवान्याला आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. त्यामुळे कमी शिकलेल्या मुलालाही हा धंदा मोकळा आहे, आणि तो मोकळा असावा असेच माझे मत आहे. पण या धंद्यातली एक गोष्ट त्या मुलांना ना शाळेत कोणी सांगत, ना गाडीवर.

प्रथम आजार कोणता ते पाहू. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. आपण झोपेतला श्वासरोध म्हणू. आपण झोपलो की शरीराचे स्नायू सैल पडतात, तसे जिभेच्या मुळाचे आणि टाळूच्या मागल्या मऊ भागाचे स्नायूही सैल पडतात. काही माणसांत ही सैल पडलेली जागा इतकी अरुंद होते की, श्वासाची वाट अर्धवट किंवा पुरती बंद होते. अर्धवट बंद असते तोवर हवा खरखरत जाते, तेच घोरणे. पुरती बंद झाली की घोरणे एकदम थांबते. छाती वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरा होऊन माणसाला क्षणभर जागे करतो, एक मोठा फुरका मारून श्वास सुरू होतो, आणि पुन्हा झोप. त्या माणसाला यातले सकाळी काहीच आठवत नाही. तासाला पाचपर्यंत असे अडथळे आले तर डॉक्टर त्याची फारशी दखल घेत नाहीत. पंधरापासून आजार मध्यम म्हणतात, तिसापासून तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा कोणीतरी खांदा धरून हलवल्यासारखे. अशी रात्र काढलेला माणूस आठ तास पडून उठला तरी झोपलेला नसतो.

कुंभकर्णाला उठवण्यासाठी ढोल-नगारे वाजवावे लागले, ही गोष्ट आपण मुलांना हसत हसत सांगतो, आणि घरात कोणी घोरू लागले की 'कसा ढाराढूर झोपलाय बघा' असे कौतुकाने म्हणतो. मोठ्याने घोरणारा, मधेच गप्प होणारा आणि मग दचकून श्वास घेणारा माणूस ढाराढूर झोपलेला नसतो, एवढे जरी आज तुमच्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. बाकीच्या खुणा अशा: सकाळी उठल्यावर डोके जड, तोंडाला कोरड, रात्री लघवीला दोन-तीनदा उठावे लागणे, रक्तदाब वाढलेला, स्वभाव चिडका झालेला, आणि दिवसा जिथे बसेल तिथे डोळा लागणे. मान जाड असलेल्या, वजन वाढलेल्या पुरुषांत हा आजार अधिक. तथापि अंगाने बारीक असलेल्यालाही तो होतो; विशेषतः जबडा लहान किंवा मागे गेलेला असेल तर. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड शेकडा साडेएकोणीस जणांत आढळला. श्वासही अडतो आणि दिवसा झोपही अनावर होते, असे शेकडा साडेसात. हे शहरातले आकडे. पण आपल्या गावच्या पारावर बसलेल्यांतही असे दोन-तीन जण सहज निघतील.

शिक्षक मंडळींसाठी येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, जरी ती थोडी आडवाटेची आहे. वर्गात पेंगणारा, तोंड उघडे ठेवून श्वास घेणारा, रात्री घोरतो असे आई सांगते तो मुलगा आळशी आहे असे लिहून टाकू नका. लहान मुलांत टॉन्सिल आणि नाकामागची गाठ वाढली की हाच प्रकार होतो. अशा मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवा.

आता रस्त्यावर येऊ. आपल्या भाषेत झोपेच्या पायऱ्यांना किती नेमके शब्द आहेत पाहा: जांभई, झापड, पेंग, डुलकी. पेंग येते तोवर माणसाला कळते. डुलकी लागली हे मात्र ती संपल्यावर कळते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे बावीस मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे सहासष्ट मीटर, अन् मागे वीस-पंचवीस टन माल. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. सरळ, सपाट, बैलगाडी नाही, चौक नाही. रस्ता उत्तम आहे यात शंका नाही, पण झोपेने अर्धा भरलेल्या माणसाला असा रस्ता पाळण्यासारखा जोजवतो. कसारा घाटात निदान वळणे तरी माणसाला जागे ठेवतात. त्यात पहाटेचे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास, या वेळी निरोग्याचेही शरीर झोप मागते.

त्यावर उपाय म्हणून चालक काय करतात? कडक चहा, तंबाखू, खिडकी उघडी, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, कोणी हिरवी मिरची चावतो. याने पंधरा-वीस मिनिटे निभतात. गाडी कडेला सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे पडणे हे या सगळ्यांहून बरे. पण श्वासरोध असलेल्याला त्या वीस मिनिटांतही नीट झोप लागत नाही, कारण श्वास तिथेही अडतोच. त्याला इलाज मुळाशी करायला हवा.

येथे मी तुम्हाला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. कॉलेज सोडून त्याने छोटा हत्ती घेतला आणि आठ-नऊ वर्षे भाजीपाला वाशीच्या बाजारात नेला. त्या भाड्यात घर चालेना, म्हणून मोठा परवाना काढून लाइनवर जायचे त्याने ठरवले. एका मालकाने नवी गाडी देण्याचे कबूलही केले. धाकट्या बहिणीचे लग्न झालेले, त्याचे कर्ज डोक्यावर. वय चौतीस. अडचण अशी की, त्याची बायको हटून बसली. रात्री ह्यांचा श्वास थांबतो, मी हलवते तेव्हा पुन्हा सुरू होतो, आणि बाजारातून येताना दोनदा गाडी रस्त्याखाली उतरली आहे, असे ती सांगत होती. दोघे माझ्याकडे आले.

तो म्हणाला, "सर, तपासणी करतो, पण काही निघालं तर? मग माहीत असूनसवरून गाडी चालवल्यासारखं होईल. न केली, तर निदान मला ठाऊक नव्हतं असं तरी म्हणता येईल."

हे बोलणे अडाण्याचे नव्हते. कायदाही काहीसा तसाच बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या १८६ व्या कलमात, आपल्याला इतरांना धोका होईल असा आजार आहे हे माहीत असताना जो गाडी चालवतो त्याला दंड सांगितला आहे. परवान्याच्या अर्जाबरोबर जो नमुना भरून द्यायचा, त्यात फेफरे येते का, अचानक चक्कर येते किंवा शुद्ध हरपते का, पंचवीस मीटरवरून गाडीची पाटी वाचता येते का, तांबडा-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे विचारतात. झोपेविषयी वेगळा प्रश्न नाही. शेवटी फक्त, लोकांना धोका होईल असा आणखी काही आजार आहे का, एवढेच. तिथे 'नाही' लिहायला किती वेळ लागतो! मालवाहू गाडीसाठी डॉक्टरचा दाखला लागतो खरा. पण जागेपणी समोर बसलेल्या माणसाकडे पाहून डॉक्टरला तरी त्याची रात्र कशी दिसणार?

मी त्याला तर्कशास्त्र सांगणार होतो. जे कळण्याचा मार्ग मोकळा असून आपण मुद्दाम टाळतो, त्याला अज्ञान म्हणत नाहीत, वगैरे. पण माझ्या आधी त्याची बायकोच बोलली.

"तुम्हाला ठाऊक नसेल, मला तर ठाऊक आहे. दोन वर्षं मी रात्रीची उठून ह्यांना हलवतेय. उद्या पोलिसांनी मला विचारलं तर मी काय सांगू, सर?"

यावर दोघांपैकी कोणाजवळच उत्तर नव्हते.

या आजाराची मोठी गंमत म्हणा की अडचण म्हणा, हीच आहे. त्याचा साक्षीदार नेहमी दुसरा कोणीतरी असतो. घरी बायको किंवा आई. गाडीवर पूर्वी क्लीनर असे. त्याने एखाद्या सकाळी भीत भीत सांगावे, "उस्ताद, रात्री तुमचा श्वास बंद झाला होता, मी हलवलं," आणि उस्तादाने "गप रे, दमलो होतो," म्हणून त्याला पाणी आणायला पाठवावे. आता तर पुष्कळ गाड्यांवर क्लीनरही नसतो. महिन्यातले वीस दिवस चालक केबिनमध्ये एकटा झोपतो. म्हणून घरच्यांनी जे ऐकले असेल ते त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. तो मानत नसेल तर हातातल्या फोनवर त्याचे घोरणे टिपून सकाळी ऐकवावे. मधली ती शांतता आपल्याच कानांनी ऐकली की बहुतेकांची बोलती बंद होते.

तपासणी अवघड नाही. बोटाला एक चिमटा, नाकाखाली बारीक नळी, छातीला पट्टा, आणि एक रात्र झोपायचे. दवाखान्यात डोक्याला तारा लावून अधिक तपशिलाची तपासणी होते. साध्या प्रकारची घरीही करता येते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीच्या विकारांच्या किंवा कान-नाक-घशाच्या विभागात विचारावे. तिथे सोय नसली तर कुठे आहे ते सांगतात. आमच्या गृहस्थाच्या कागदावर आकडा आला तासाला एकेचाळीस.

त्याला वाटले, संपले. मलाही थोडे वाटले. पण डॉक्टर म्हणाले, हा आजार परवान्याच्या आड येतो तो उपचार नसताना. इलाज आहे, आणि तो लागू पडला की गाडी चालवायला हरकत राहत नाही.

तो इलाज असा. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली एक साधीच युक्ती जगापुढे मांडली. नाकावर मुखवटा बसवायचा आणि लहानशा पंख्याने थोड्या दाबाची हवा सतत आत सोडायची. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तशी घशाची वाट मिटत नाही. यंत्राला सीपॅप म्हणतात. औषध नाही, सुई नाही. मात्र ते लावलेले असते तेवढाच वेळ उपयोग. चष्मा काढला की जसे पुन्हा अंधुक दिसते तसेच हे. ज्यांचा आजार सौम्य आहे त्यांना वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू बंद करणे, झोपेच्या गोळ्या मनाने न घेणे, यानेही बराच फरक पडतो. काहींना जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी चालते. तीव्र आजाराला मात्र बहुधा यंत्रच.

पहिला महिना त्याने कुरकुरत काढला. मुखवटा टोचतो, हवा डोळ्यांत जाते, नाक कोरडे पडते. मुलगा म्हणाला, बाबांना गणपतीसारखी सोंड आली. मिशा भरघोस, त्यामुळे मुखवट्याच्या कडेने हवा निसटे. डॉक्टरांनी सांगितले, मिशी काढा नाही तर मुखवटा बदला. मिशी काढणे हा प्रश्नच नव्हता! नाकपुड्यांना थेट बसणारा छोटा प्रकार मिळाला, तो जमला. तिसऱ्या आठवड्यात बायकोने सांगितले की, खोली इतकी शांत असते की मलाच आता जाग येते. त्याची सकाळची डोकेदुखी गेली. दुपारी वाशीहून परतताना दोनदा चहाला थांबत असे, ते थांबणे बंद झाले.

या काळात मोठ्या परवान्याची घाई त्याने केली नाही. रात्रीचे भाडेही सोडून दिले. तो तोट्याचा काळ होता. घरात बोलणी झाली, मालकही अधीर झाला होता. पण यंत्र लावले म्हणजे दुसऱ्या दिवशी माणूस दुरुस्त, असे होत नाही. दिवसाची झोप ओसरली की नाही हे डॉक्टरनी पाहायचे आणि मग हो म्हणायचे. यंत्रातल्या छोट्या कार्डावर रोज किती तास वापरले, श्वास किती वेळा अडला, हे नोंदले जाते. तीन महिन्यांनी त्याचा आकडा तीनवर आला होता. डॉक्टरांचे पत्र आणि त्या नोंदीचा कागद घेऊन तो गाडीमालकाकडे गेला आणि सगळे सांगून मोकळा झाला. मालक आधी बिचकला. दुसरा कोणी ठेवतो म्हणाला. मग चार दिवसांनी त्यानेच बोलावले, विचारले की, "माझ्याकडे सात गाड्या आहेत. बाकीच्या सहा जणांचं असं काही आहे की नाही, हे मला कसं कळणार?" हा प्रश्न त्या मालकाला सुचला याचे मला फार बरे वाटले.

बाहेरदेशी काय करतात? युरोपीय संघाने २०१४ साली परवान्याच्या नियमांत या आजाराचे नाव घातले. तासाला पंधरा किंवा अधिक अडथळे आणि दिवसा अनावर झोप असेल, तर आजार ताब्यात आल्याचे वैद्यकीय मत हवे. त्यानंतर ट्रक व बस चालवणाऱ्याची तपासणी निदान वर्षातून एकदा. म्हणजे दार बंद नाही, पण दारात उभे राहून दाखवावे लागते. अमेरिकेत एका मोठ्या मालवाहतूक कंपनीच्या चालकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. उपचार न पाळणाऱ्यांकडून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट झाले होते, आणि जे नेमाने यंत्र वापरत त्यांचे प्रमाण निरोग्यांइतकेच होते. आपल्याकडेही अर्जात झोपेचा प्रश्न असावा असे मला वाटते. पण नुसता प्रश्न घालून भागणार नाही. खरे सांगणाऱ्याची गाडी काढून घेतली जात असेल, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी खरे सांगणार नाही. तपासणी आणि यंत्र स्वस्तात मिळण्याची सोय त्या प्रश्नाबरोबरच आली पाहिजे. आज त्या यंत्राला ट्रकच्या दोनेक नव्या टायरांइतके पैसे पडतात. टायर मालक घेतो. हे कोणी घ्यायचे?

तासांचेही तसेच. १९६१ सालच्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. कायदे पुढे बदलत गेले, पण लाइनवर ही मर्यादा किती पाळली गेली हे गावात कोणालाही विचारा. नाकावर मुखवटा आहे म्हणून चार तासांच्या झोपेत भागते असे नाही. यंत्र श्वासाची वाट मोकळी ठेवते, झोपेचे तास वाढवीत नाही.

ज्यांना हे करायचेच आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मालवाहू गाडीच्या परवान्याला वय वीस पूर्ण हवे, आणि आधी एक वर्ष हलक्या गाडीचा परवाना हवा. ते वर्ष फुकट जात नाही. तपासणी आणि यंत्राची सवय दोन्ही त्यात बसतात. परवाना पाच वर्षांचा मिळतो. आपण मात्र दर वर्षी डॉक्टरकडे जाऊन यावे, वजन वाढले असेल तर त्याआधीच. यंत्र घेताना ते गाडीच्या विजेवर चालेल ना, हे विचारून घ्या. मोठ्या मालमोटारीची वीज चोवीस व्होल्टची, छोट्या गाड्यांची बारा. जोडणी वेगवेगळी लागते, आणि चुकीची लावली तर यंत्र जळते. हवा ओलसर करणारे पाण्याचे भांडे बॅटरी फार खाते, ते गाडीत बंद ठेवले तरी चालते. धूळ अडवणारी गाळणी रस्त्यावर लवकर भरते, तीही पाहत जावी. मुखवटा रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. आमचा गृहस्थ तो केबिनच्या आरशाला अडकवतो. ढाब्यावर नवा कोणी भेटला की हे काय म्हणून विचारतो, मग जेवण होईपर्यंत तोच विषय चालतो, आणि निघताना एखादा हळूच बाजूला घेऊन विचारतो की, "माझी पण बायको असंच काहीतरी म्हणते. डॉक्टर कुठला म्हणालात?"